बैल गेला नि झोंपा केला !

भूगोलाच्या तासाला आफ्रिका खंडाचा नकाशा भिंतीवर टांगून केनिया व टांझानिया हे देश आम्ही मुलांस दाखवीत होतों. तेथील मसाई लोकांचीं गुरें दुष्काळांत कशीं मेलीं, हें सांगून झालें. शेवटीं पाऊस पडला, असें आम्हीं म्हणतांच मागल्या बांकावरचा एका धनगराचा मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, पाऊस पडला, पण मेलेल्या गाई कुठं परत येतात ?" वर्ग हंसला. आम्ही मात्र हंसलों नाहीं. मसाई लोकांस मदत करूं म्हणणाऱ्या शहाण्या मंडळींनीं आधीं विचारावयाचा प्रश्न त्या पोरानें विचारला होता.

पाऊस पडला कीं दुष्काळ संपला, ही समजूत शेती करणाराची आहे. शेतकऱ्याचें एक साल बुडतें. बीं मिळालें तर पुढल्या हंगामांत तो पुन्हां उभा राहतो. गुराख्याचें तसें नाहीं. त्याचें बीं, त्याचें पीक, त्याची पेढी, सर्व कांहीं गोठ्यांत उभें असतें. तें एकदां आडवें झालें म्हणजे पावसाच्या सरीनें उठत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. मसाई लोकांस जी मदत मिळते ती बहुधा गुरें मेल्यावर मिळते. म्हणून ती माणूस जगवते, पण घर उभें करीत नाहीं. मदत गुरें जिवंत असतांना गेली पाहिजे. ती त्यांच्या रिवाजानें व त्यांच्या बायकांच्या हातीं गेली पाहिजे. आणि सर्वांत आधीं, दुष्काळांत गुरें हांकून नेण्याची त्यांची वाट मोकळी राहिली पाहिजे. या तीन गोष्टी सोडून केलेलें दान म्हणजे बैल गेल्यावर गोठ्यास झोंपा बांधणें होय.

मसाई हे मा नांवाची भाषा बोलणारे लोक. केनियाच्या दक्षिणेस काजियाडो व नारोक हे परगणे, आणि टांझानियाच्या उत्तरेस न्गोरोंगोरो, लोंगिडो, मोंडुली, सिमांजिरो हे भाग मिळून त्यांचा मुलूख होतो. मधून दोन राज्यांची सरहद्द गेली आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज व जर्मन यांनीं नकाशावर पट्टी ठेवून ओढली. गवताला व ढगांना ती ठाऊक नाहीं. तेथें पावसाचे हंगाम दोन: मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर लहान. पण पाऊस सगळीकडे सारखा पडत नाहीं. एका टेंकडीच्या अलीकडे गवत गुडघाभर, तर पलीकडे फुफाटा, असा तो मुलूख. म्हणून मसाई पावसाळ्यांत मोकळ्या माळावर गुरें चारतो, व उन्हाळा लागला कीं डोंगराच्या कुशीला, दलदलीच्या कडेला, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याच्या झऱ्यांकडे सरकतो. घराजवळचें थोडें गवत वासरांकरितां व दुबळ्या जनावरांकरितां राखून ठेवतो. त्या राखीव गवतास ओलोपोलोली म्हणतात. जे आपल्याकडे मेंढरें घेऊन घाट उतरतात त्यांस यांतलें कांहीं समजावून सांगावयास नको. हें भटकणें नव्हे. हा हिशेब आहे.

आतां मागील दुष्काळ पाहा. सन २०२० च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या डिसेंबरपर्यंत पावसाचे ओळीनें पांच हंगाम हुकले. २०२१ च्या सप्टेंबरांत केनियाच्या सरकारनें दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ति असल्याचें जाहीर केलें. तरी तो संपेपर्यंत केनियाच्या कोरडवाहू परगण्यांत मिळून सुमारें २५ लाख जनावरें मेलीं. रानांतलीं जनावरेंही सुटलीं नाहींत; २०२२ सालीं फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तेथील सरकारी मोजणींत २०५ हत्ती मेलेले आढळले. असा काळ आला म्हणजे गुराख्याच्या घरीं काय होतें ? आधीं गाईचें दूध आटतें. मग गाय विकावी तर बाजारांत सगळेच विकणारे. हाडांचा सांपळा कोण घेणार? गाईचा भाव उतरतो आणि मक्याच्या पिठाचा भाव चढतो. आज एक गाय दिली तर जेवढें पीठ येतें, तेवढ्याला पुढल्या महिन्यांत दोन द्याव्या लागतात. शाळेची फी शेळी विकून भरावयाची असते. शेळी गेली कीं पोरगें शाळेंतून जातें, व पोरीचें लग्न लवकर उरकण्याचा विचार घरांत सुरू होतो. शेवटीं पाऊस येतो, तो थंडगार वारा घेऊन. वाळून कोळ झालेलीं जनावरें त्या पहिल्या पावसांतच मरतात. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हाच. या खेपेस तर २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या उन्हाळ्यांत केनियांत महापूर आले. आगींतून निघालेला फुफाट्यांत पडतो; येथें तो पाण्यांत पडला.

आम्ही शाळामास्तर; हिशेब मांडल्याशिवाय आमचें समाधान होत नाहीं. म्हणून उदाहरण मांडतों. समजा, एका मसाई कुटुंबाचीं चाळीस गुरें होतीं व दुष्काळानंतर चारच गाई उरल्या. गाय नऊ महिने गाभण राहते. तसल्या मुलखांत ती दीड वर्षाला एक वासरूं देते. सहा वर्षांत एकेका गाईचीं चार, म्हणजे एकूण सोळा वासरें. त्यांत अर्धे गोऱ्हे. उरल्या आठ कालवडी. त्यांतल्या दोन-तीन रोगानें, तरसानें, वाघरानें गेल्या. कालवड पहिल्यानें व्यावयास तेथें चौथें वर्ष लागतें. म्हणजे सहा वर्षांच्या अखेरीस त्या घरीं दूध देण्याजोग्या गाई किती ? पहिल्या चार व नव्या दोन, अशा सहा ! चाळिसांची गोष्टच नको. आणि हा हिशेब मध्यें पुन्हां दुष्काळ पडला नाहीं असें धरून केला आहे. पण दुष्काळ कसे पडले तें पाहा: १९९९–२०००, २००५–०६, २००८–०९, २०१०–११, २०१६–१७ आणि २०२०–२३. दोन दुष्काळांमधील सवड कधीं एक-दोन वर्षांची, कधीं तिहींची, फार तर पांचांची. गाईला उभी राहावयास जेवढीं वर्षें लागतात तेवढीं आभाळ देत नाहीं. हवामान तापत आहे, व तें तापविणारा धूर मसायाच्या चुलींतला नव्हे, हें आतां जगजाहीर आहे. म्हणून श्रीमंत देशांनीं या कामीं पैसा दिला तर तो उपकार समजूं नये. तें देणें आहे.

परंतु सगळें खापर आभाळावर फोडलें म्हणजे जमिनीवरचे चोर सुटतात. तेव्हां थोडा मागचा इतिहास सांगणें जरूर आहे.

सन १८८७ च्या सुमारास इटालियन फौजेसाठीं आफ्रिकेच्या लाल समुद्राच्या किनाऱ्यावर गुरें उतरविण्यांत आलीं. त्यांच्याबरोबर बुळकांडीचा रोग त्या भागांत उतरला. तीं गुरें हिंदुस्थानांतून गेलेलीं असावींत असें मानतात. १८९० नंतर तो रोग मसाई मुलखांत पोंचला व शेंकडा नव्वदांच्या घरांत गुरें मारून गेला. मागोमाग देवी व दुष्काळ. त्या काळास मसाई लोक एमुताई, म्हणजे समूळ नाश, असें म्हणतात. माणसें अशीं खचलेलीं असतांनाच, १८९६ पासून १९०१ पर्यंत, हिंदी मजुरांच्या हातून बांधलेली आगगाडी त्यांच्या मुलखांतून गेली. पाठोपाठ गोरे जमीनदार आले. १९०४ सालीं इंग्रजांनीं मसायांशीं करार केला, व रिफ्ट दरींतील उत्तम कुरणें घेऊन त्यांस उत्तरेस लायकिपिया व दक्षिणेस एक अशा दोन राखीव प्रदेशांत घातलें. मसाई वंश असेपर्यंत हा करार चालेल असें त्यांत लिहिलें होतें. वंश राहिला, करार मात्र सात वर्षेंच टिकला ! १९११ सालीं दुसरा करार करवून लायकिपियाही काढून घेतलें. मसाई कोर्टांत गेले. १९१३ सालीं कोर्टानें सांगितलें कीं, हा करार दोन स्वतंत्र सत्तांमधील तह आहे, तेव्हां या कोर्टास त्याचा न्याय करतां येत नाहीं. जमीन घेतांना रयत, आणि दाद मागतांना परराष्ट्र ! अशा न्यायास काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

पुढें गोरे गेले, पण कुरणें घेण्याचा रिवाज गेला नाहीं. वन्य पशूंच्या रक्षणासाठीं म्हणून १९४६ सालीं नैरोबीचें राष्ट्रीय उद्यान झालें, १९५१ सालीं सेरेंगेटीचें. १९५९ सालीं सेरेंगेटींतले मसाई उठवून न्गोरोंगोरोंत नेले, व तेथें तुम्हांस गुरांसह राहतां येईल असें सांगितलें. १९७४ सालीं अंबोसेलीचें राष्ट्रीय उद्यान झालें. तेथील दलदलीचें बारमाही पाणी गुरांस बंद झालें. बदली उद्यानाबाहेर नळानें पाणी देऊं म्हटलें; नळ पडले, पण थोड्याच वर्षांत ते कोरडे झाले. २०२२ सालीं टांझानियांत लोलिओंडो येथें १५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर सरकारनें खुणांचे खांब रोंवले. पोलिसांची गोळी चालली, गांवकरी जखमी झाले, एक पोलीसही मेला. त्याच सालापासून न्गोरोंगोरोंतील मसायांस शेंकडों किलोमीटर दूर, हंडेनी जिल्ह्यांतील म्सोमेरा गांवीं नेणें सुरू झालें. सरकार म्हणतें, लोक आपखुशीनें जातात. लोक म्हणतात, दवाखान्याचा व शाळेचा पैसा आटविला म्हणजे खुशी आपोआप येते. १९५९ च्या वचनाचें काय झालें, हें विचारण्याचा त्यांस हक्क आहे.

वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट यावी. यांत जी जमीन गेली ती साधी माळजमीन नव्हे. दुष्काळांत पाणी व गवत जेथें शेवटपर्यंत टिकतें, नेमकी तीच गेली. धान्याचें पेंव घेऊन रिकामी कणगी घरांत ठेवावी, आणि मग उपाशी कां मरतां म्हणून विचारावें, असा हा प्रकार आहे.

मसायांचे स्वतःचे दोष झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. केनियांत १९६८ च्या कायद्यानें सामाईक कुरणांच्या मंडळ्या स्थापन झाल्या, व त्या जमिनी लोकांच्या नांवें चढल्या. पुढें १९८० नंतर त्या मंडळ्यांनीं जमिनीच्या वांटण्या सुरू केल्या. कित्येक ठिकाणीं पंचांनीं व त्यांच्या सोयऱ्यांनीं पाण्याकांठचे मोठे तुकडे लाटले. गरिबास खडकाळ पट्टी आली. ती त्यानें फीसाठीं, दवाखान्यासाठीं विकली. नैरोबीच्या पैसेवाल्यांनीं घेतली व तारेचें कुंपण घातलें. कुंपणच शेत खातें अशी आपली म्हण आहे; तेथें कुंपणानें कुरण खाल्लें. किमानाच्या दलदलीकडे आतां पाटाच्या पाण्यावर टोमॅटो व कांदे पिकतात. पिकोत बापडे, पण गुरांची उन्हाळ्याची जागा ती होती. २०१६ च्या कायद्यानें सामाईक जमिनीची गांवाच्या नांवें नोंद करतां येते. जेथें वांटणी अजून झाली नाहीं तेथें ही नोंद होईल तितकी लवकर व्हावी, व नोंदींत बायकांचीं नांवें यावींत. जेथें वांटणी झाली तेथेंही शेजाऱ्यांनीं कुंपणें काढून गवत एकत्र चारावें. एकेकट्या तुकड्यावर गाय एक महिना जगते. एकत्र केलेल्या तुकड्यांवर ती वर्ष काढते.

आतां एक आक्षेप ठरलेला आहे. "हे लोक डौलासाठीं वाजवीपेक्षां जास्त गुरें पाळतात, कुरणें उजाड करतात, गुरें कमी करून शेती कां करीत नाहींत?" या आक्षेपांत थोडें खरें आहे, तेवढें आम्ही मान्य करतों. माणसें वाढलीं, जमीन घटली, आणि वेळेवर गोऱ्हे विकले तर बरें, हें तेथील शहाणे म्हातारेही सांगतात. पण ज्यानें पावसाच्या भरवशावर नांगर धरला आहे त्यानें सांगावें, दर चार-पांच वर्षांनीं हंगाम बुडणाऱ्या माळावर मका पेरून कोण तगेल ? तेथें गवत येतें, व गवताचें दूध करण्याची विद्या गाईला येते. राहिली गोष्ट डौलाची. ज्याचीं दहा गुरें त्याचीं दुष्काळानंतर एक-दोन उरतात. ज्याचीं पन्नास त्याचीं आठ-दहा उरतात व त्यांतून घर पुन्हां उभें राहतें. बँकेंत शिल्लक टाकणारास कोणी डौली म्हणत नाहीं. शिवाय केनियांतील निम्म्याहून अधिक वन्य पशु उद्यानांच्या बाहेर, गुराख्यांच्याच रानांत चरतात. ज्यांनीं ते इतकीं वर्षें राखले त्यांसच उजाडकर्ते ठरवावयाचें, हें चोर सोडून संन्याशास सुळीं देणें आहे.

तर मग मदत कोणती करावी ? पहिली गोष्ट वेळेची. केनियांत दुष्काळाची आगाऊ खबर देणारें सरकारी खातें आहे. परगण्यावार गवत, पाणी, दूध व बाजारभाव यांचीं पत्रकें दर महिन्यास निघतात. म्हणजे दुष्काळ चोरपावलांनीं येत नाहीं. त्याची दवंडी पिटली जाते, पण थैली उघडत नाहीं. २००९ सालीं मरणाला टेकलेलीं गुरें विकत घेण्याचें सरकारनें ठरविलें. गुराखी लांबलांबून गुरें हांकीत आठी रिव्हर येथील सरकारी मांस कारखान्याशीं आले. एकदम इतकीं गुरें घेण्याची तेथें तयारी नव्हती, आणि कित्येक दारांतच आडवीं झालीं. हीच खरेदी तीन महिने आधीं झाली असती तर गुराख्यास पैसा, कारखान्यास मांस, व उरलेल्या गाईंस गवत मिळालें असतें. २०१० सालीं केनियाच्या उत्तरेस मार्साबिट येथें, हा मसायांचा मुलूख नव्हे, गुरांच्या विम्याचा एक प्रयोग सुरू झाला. आकाशांत फिरणाऱ्या उपग्रहानें रान किती हिरवें आहे तें पाहावयाचें, व हिरवेपणा ठराविक मापाखालीं गेला कीं पैसे द्यावयाचे. प्रथम हे पैसे नुकसान झाल्यावर मिळत. पुढें चालकांस उमजलें कीं, मेलेल्या गाईची किंमत देण्यापेक्षां जिवंत गाईला चारा घेण्यापुरते पैसे आधीं द्यावे. तें स्वस्तही पडतें. ही अक्कल आमच्या मतें सोन्याच्या मोलाची आहे. अशा विम्याची व्यवस्था पुढें इतर कोरडवाहू परगण्यांतही नेण्यांत आली. ती वेळेवर व साध्या शब्दांत समजावून चालवावी.

दुसरी गोष्ट, काय द्यावें याची. चारा आला तर तो सर्व गुरांस पुरणार नाहीं; म्हणून आधीं व्यालेल्या व गाभण गाईंस, वासरांस व पाठींस द्यावा. वाण वांचलें तर बाकीचें येतें. गुरें मेलेल्या घरास प्रथम गाय देऊं नये, शेळ्या-मेंढ्या द्याव्या. शेळी पांच महिन्यांत विते, तिला झाडपाला चालतो, व तिचें दूध लेंकराच्या तोंडीं लागतें. शेळीवरून गाईकडे चढण्याचा मार्ग मसायांस ठाऊक आहे. जनावरें दुरून आणूं नयेत. जवळच्याच बाजारांतून घ्यावींत, म्हणजे रोग येत नाहीं व शेजाऱ्याच्या हातीं पैसा जातो. फार दुधाच्या व फार मांसाच्या जातींचा मोह आवरावा. आपल्या जुन्या पंजाबांतील साहिवाल जातीचे वळू १९३० नंतरच्या काळांत केनियांत गेले, व मसायांनीं ते आपल्या गाईंवर सोडले. दूध व अंगलट वाढली, पण अशी जड गाय चाराही जास्त मागते व दुष्काळांत आधीं बसते. तेथील तांबडी मसाई मेंढी दिसावयास लहान, पण पोटांतल्या जंतांस दाद देत नाहीं. डॉर्पर जातीच्या मोठ्या मेंढ्यांशीं संकर होऊन तिचें शुद्ध वाण कमी झालें आहे. तें राखणाऱ्यास पैसा द्यावा. लशी, जंतांचें औषध व शिकलेला ढोरवैद्य हे तर हवेतच. ज्या बुळकांडीनें मसायांचा सर्वनाश केला ती २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. आफ्रिकेच्या दुर्गम भागांत तें काम तडीस गेलें, कारण गुराख्यांतलींच माणसें शिकवून त्यांच्याकडून लस टोंचविली.

तिसरी गोष्ट गवताची. अंबोसेलीच्या बाजूस कुकू येथील मसायांनीं उघड्या पडलेल्या जमिनीवर अर्धचंद्राकार चर खणले आहेत. पावसाचें वाहून जाणारें पाणी त्यांत थांबतें, मुरतें, व तेथून गवत पसरतें. त्या भागांत बायकांच्या मंडळ्या गवताचे राखीव तुकडे संभाळतात. बीं झाडून विकतात, वाळलें गवतही विकतात. जुनी ओलोपोलोलीची रीतच ही, नव्या अंगानें. येथें खर्च कुदळीचा व मजुरीचा. यंत्रें नकोत, परदेशी पंडितही नकोत.

आणि हें सर्व कोणाच्या हातीं द्यावें ? मसाई घरांत गाईची मालकी पुरुषाची, पण दूध काढणें व वांटणें बाईच्या हातीं. दुष्काळांत पुरुष गुरें घेऊन दूर जातो. घरीं म्हातारीं, लेंकरें व आजारी वासरूं बाईच्या गळ्यांत. मदतीचा कागद मात्र पुरुषाच्या नांवें होतो. पैशाचा निदान एक वांटा व शेळ्या सगळ्या बाईच्या नांवें द्याव्या, एवढें जरी झालें तरी पुष्कळ झालें. तसेंच यादी साहेबांच्या कचेरींत होऊं नये. मसायांची पंचायत असते. ती झाडाखालीं बसते, सर्वांस बोलूं देते, व कोणाची किती गुरें गेलीं हें तिला कचेरीपेक्षां जास्त ठाऊक असतें. फक्त त्या पंचायतींत बायका बसल्या पाहिजेत, व यादी सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचली गेली पाहिजे. नाहींतर कुंपणाची म्हण पुन्हां सांगावी लागेल.

मसायांत एक जुनी चाल आहे. तिला ओसोतुआ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ नाळ, आईची व लेंकराची. ज्या दोन घरांत ओसोतुआ असतो, त्यांतील एकावर आपत्ति आली तर दुसऱ्याकडे तो मागतो. गरज असेल तरच मागतो व गरजेपुरतेंच मागतो. दुसरा आपलें घर न बुडवितां जेवढें देतां येईल तेवढें देतो. त्याची वही नाहीं, व्याज नाहीं, परतफेडीची तारीख नाहीं. कर्जाला त्यांच्या भाषेंत शब्द निराळा आहे, व त्या दोहोंची गल्लत ते होऊं देत नाहींत. पूर्वीं एका डोंगरापलीकडे पाऊस असे, तेव्हां तिकडचें घर इकडच्यास सांवरी. आतां साराच मुलूख एकदम वाळतो, सारींच घरें एकदम मागणारीं होतात. म्हणून बाहेरच्यांनीं हात दिला पाहिजे. पण तो ओसोतुआच्या रीतीनें द्यावा: वेळेवर, गरजेपुरता, व उपकाराचा पाढा न वाचतां.

असा हात मसायांनीं दुसऱ्यास दिलेला आहे. २००१ सालीं न्यूयॉर्क शहरावर हल्ला होऊन हजारों माणसें मेलीं. ती हकीकत केनियांतील एनोसाएन गांवीं तेथल्याच एका विद्यार्थ्यानें येऊन सांगितली. २००२ च्या जूनमध्यें त्या गांवच्या मसायांनीं अमेरिकेच्या वकिलातींतील अधिकाऱ्यास बोलावून शोकांत असलेल्या त्या राष्ट्रासाठीं चौदा गाई दिल्या. जगांतल्या सर्वांत श्रीमंत देशाला गाईची काय गरज, असें त्यांनीं विचारलें नाहीं. आपल्याजवळ जें सर्वांत मोलाचें तें त्यांनीं दिलें.

ज्यांनीं चौदा गाई दिल्या त्यांस आज पिठाची पोतीं देऊन जगानें आपली पाठ थोपटून घेऊं नये. पोतीं द्यावींतच, उपाशी माणसास आधीं अन्न, याबद्दल वाद नाहीं. पण पुढल्या दुष्काळाआधीं पाण्याकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या करा, जमिनीच्या नोंदी पुऱ्या करा, चाऱ्याचा पैसा बांधून ठेवा. संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें साल चराऊ रानें व गुराखी यांच्या नांवें केलें आहे. साल साजरें होतें आणि जातें, गाईचें वेत मात्र थांबत नाहीं. आमच्या वर्गांतल्या पोरास आम्हीं उत्तर दिलें तें असें: मेलेल्या गाई परत येत नाहींत, बाळ, म्हणून त्या जिवंत असतांनाच धांवावें लागतें.